गेटवरच्या माणसाचा पगार कुणाच्या हातात पडतो

पुण्यात बाणेरला आमची छोटी कंपनी आहे. परदेशातल्या सल्लागार कंपन्यांना स्टीलची आणि पायपिंगची ड्रॉइंग्ज करून देणं हे आमचं काम. सत्तरेक माणसं आहेत. ॲडमिन आणि एचआर दोन्ही माझ्याकडे असल्यामुळे पगारापासून पाण्याच्या जारपर्यंत सगळं मीच बघते. २०२३ मध्ये आमच्या एका ब्रिटिश क्लायंटने करार नव्याने करताना एक एक्सेल शीट पाठवली. विषय होता ‘मॉडर्न स्लेव्हरी’, म्हणजे आधुनिक गुलामगिरी. तुमच्याकडे किंवा तुम्हाला सेवा पुरवणाऱ्यांकडे कुणाला अडकवून, धाकात ठेवून काम करून घेतलं जात नाही ना, आणि ते तुम्हाला कशावरून माहीत, असे त्यात पानभर प्रश्न होते.

यामागे ब्रिटनचा २०१५ चा कायदा आहे. त्याच्या कलम ५४ प्रमाणे वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला दर वर्षी एक निवेदन जाहीर करावं लागतं, की आपल्या धंद्यात आणि पुरवठादारांकडे गुलामगिरी होऊ नये म्हणून आपण काय केलं. काहीच केलं नसेल तर तसं लिहिलेलंही त्या कायद्याला चालतं. ऑस्ट्रेलियानेही २०१८ मध्ये असाच कायदा केला, तिथली मर्यादा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची आहे. आमच्यासारखी कंपनी या आकड्यांच्या आसपासही नाही. पण मोठी कंपनी आपलं निवेदन लिहिण्यासाठी खालच्यांना विचारते, आणि तो कागद फिरत फिरत बाणेरला पोचतो.

आमच्या ओळखीतल्या दोन-तीन कंपन्यांनी सगळ्या रकान्यांत ‘नाही’ भरून शीट परत पाठवली होती. आमच्या लेबर कन्सल्टंटनेही एक तयार पॉलिसी मेल केली, कंपनीचं नाव तेवढं बदलायचं होतं. मला ते करता आलं नाही, कारण सुरुवातीलाच एक प्रश्न होता: कर्मचाऱ्यांची मूळ कागदपत्रं तुम्ही स्वतःकडे ठेवता का? याचं खरं उत्तर ‘हो’ होतं. आमच्या लोखंडी कपाटात एका कप्प्यात ट्रेनी ड्राफ्ट्समनची मूळ मार्कशीट्स आणि डिप्लोम्याची सर्टिफिकेट्स ठेवलेली होती, प्रत्येकाचा सही केलेला एकेक कोरा चेक टाचून. दोन वर्षांचा बॉण्ड. पुण्यातल्या कितीतरी छोट्या कंपन्यांत ही पद्धत आहे आणि मुलंही ती गृहीत धरून येतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीची मजुरी ओळखण्याच्या ११ खुणा सांगितल्या आहेत. कागदपत्रं ठेवून घेणं ही त्यातली एक. बाकीच्या म्हणजे अडचणीचा फायदा घेणं, फसवणूक, येण्याजाण्यावर बंधन, एकटं पाडणं, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, धमक्या, पगार अडवणं, कर्जात अडकवणं, राहण्याची आणि कामाची हलाखी, आणि अतोनात जादा काम. एक खूण दिसली म्हणजे लगेच गुलामगिरी ठरत नाही, पण तिथे थांबून बघायचं असतं. एसी ऑफिसात बसणारी आमची ट्रेनी मुलं गुलाम नव्हती. पण नांदेडच्या एका मुलाला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळत होता आणि मूळ मार्कशीट आमच्या कपाटात असल्यामुळे तो कागदपत्रांच्या पडताळणीला जाऊ शकत नव्हता. त्याचं एक वर्ष आमच्या कुलपात होतं.

मी हे सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितलं. त्यांचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, कारण त्यात तथ्य होतं. सहा महिने शिकवलेला मुलगा दोन हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या कंपनीत जातो आणि छोट्या कंपनीला तो धक्का सोसत नाही. त्यावर आम्ही बराच खल केला. शेवटी सर्टिफिकेट्स परत दिली, चेक मुलांसमोर फाडले, आणि एक वर्ष व दोन वर्षं पूर्ण केल्यावर किती पगारवाढ मिळेल ते नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्यायला लागलो. त्यानंतर गेली ती मुलं पूर्वीही गेलीच असती, असं माझं मत आहे.

घरातलं झाल्यावर बाहेरचं. वर्षभरात आम्ही कुणाकुणाला पैसे दिले त्याची यादी अकाउंट्समधून, टॅलीतून काढली: सिक्युरिटी, हाउसकीपिंग, डब्याची मेस, कॅब, एसीची देखभाल, लॅपटॉप, छपाई, इंटिरिअरवाला. सगळीकडे एकदम धावणं शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येक नावासमोर मी तीन गोष्टी लिहिल्या. काम अंगमेहनतीचं आहे का, माणसं बाहेरगावची असून मालकाने दिलेल्या खोलीत राहतात का, आणि आपला पैसा त्या माणसापर्यंत पोचेपर्यंत मध्ये किती हात आहेत. तिन्हींत सिक्युरिटी सगळ्यात वर आली. खरं तर रोज सकाळी ज्याचा नमस्कार घेऊन मी आत जाते, त्याच्याबद्दल मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

एजन्सीकडे कागद मागवले तर दोन दिवसांत सुरेख फाइल आली. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचं लायसन्स, पीएफचं चलन, ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन, आणि ‘आमच्याकडे बालकामगार व वेठबिगार नाहीत’ असं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र. बहुतेक कंपन्यांची तपासणी या फाइलपाशी संपते.

मी चलनाबरोबरची ईसीआर मागितली. पीएफ भरताना मालक जी नावनिशी यादी अपलोड करतो ती ही. एजन्सी सगळ्या साइट्सची मिळून एकच यादी भरते, त्यामुळे आपल्या गेटवरची माणसं त्यात शोधावी लागतात. यादीत ‘एनसीपी डेज’ असा एक रकाना असतो, म्हणजे महिन्यात किती दिवस बिनपगारी गेले. आमच्या गेटवर महिनाभर एकही दिवस न चुकलेल्या गार्डच्या नावासमोर तिथे सोळा दिवस लिहिले होते. त्याचा अर्थ असा की पीएफच्या हिशोबी तो चौदाच दिवस कामावर होता आणि तेवढाच पीएफ भरला गेला होता. आमच्या गेटचं हजेरीपुस्तक माझ्यासमोर उघडं होतं. चार गार्डपैकी तिघांचं असंच होतं.

आता माणसांशी बोलायला हवं होतं. दिवसा ते शक्य नव्हतं, कारण एजन्सीचा फील्ड ऑफिसर फेरी मारतो आणि गार्ड त्याच्याकडे बघत बघत उत्तर देतो. रात्रपाळी सुरू झाल्यावर, आमचे एक सीनिअर सहकारी सोबत घेऊन, मी चहाच्या निमित्ताने गेटवर बसायला लागले. काय विचारायचं आणि काय नाही हे आधी एका जाणत्या माणसाकडून शिकून घेतलं होतं. कामगार खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ माझ्या आत्याच्या शेजारी राहतात. ते म्हणाले, “‘काही त्रास आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येणार. घरी शेवटचं कधी गेलात ते विचारा. पैसे घरी कसे पाठवता ते विचारा. आणि एटीएम कार्ड कुठे असतं ते विचारा.”

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर प्रदेशातल्या बहराइचकडचा, विशी ओलांडलेला एक मुलगा सहज म्हणाला, “कार्ड तो साहब के पास रहता है.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावातल्याच ओळखीच्या माणसाने त्याला आणलं होतं. रेल्वेचं तिकीट, गणवेश, बूट, ‘ट्रेनिंग’, खोलीचं डिपॉझिट या सगळ्याचे पैसे त्याच्या नावावर उचल म्हणून मांडले होते. त्यातलं ट्रेनिंग म्हणजे एका मैदानात अर्धा दिवस सॅल्यूट शिकवला होता. पगार बँकेत जमा व्हायचा, कागदावर पूर्ण. पण कार्ड आणि पिन फील्ड ऑफिसरकडे. तो पैसे काढून, खोलीचं भाडं, मेस आणि उचलीचा हप्ता कापून उरलेले हातात द्यायचा. किती कापले, किती फिटले, याचा चिटोराही नाही. मूळ आधार कार्ड ‘पोलीस व्हेरिफिकेशनसाठी’ म्हणून घेतलेलं परत मिळालं नव्हतं. ड्युटी बारा तासांची, सुटी नाही. खोली सुसच्या बाजूला, पत्र्याची. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच गाद्यांवर झोपायचे. बहिणीच्या लग्नाला गावी जायचं म्हणाला तर ‘पहले हिसाब पूरा करो’ असं उत्तर मिळालं होतं.

त्याला कुणी मारलं नव्हतं. कोंडून ठेवलं नव्हतं. गेट तर तोच उघडत होता. पण तो जाऊ शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी हे पँट्रीत आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींना सांगितलं. त्या बीड जिल्ह्यातल्या. लग्नानंतर बरीच वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या, पाठीच्या दुखण्यामुळे आता पुण्यात मुलाकडे असतात. त्या म्हणाल्या, “ताई, ही तर आमची मुकादमाची उचलच की.” आणि मग त्यांनीच मला समजावलं. दसऱ्याच्या आधी मुकादम उचल देतो, ती एका माणसाला नाही, एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायको दोघांना मिळून. हंगाम संपला की टनावर हिशोब होतो आणि हिशोब मुकादमच करतो. मध्ये दवाखाना निघाला, खाडे पडले, की उचल फिटत नाही. मग पुढच्या साली दुसऱ्या मुकादमाकडे जायची सोय नाही, आधी याची बाकी. “पैसे घेतले तेव्हा कुणी जबरदस्ती केली नव्हती,” त्या म्हणाल्या, “पण सुटायचं कधी ते आपल्या हातात नसतं.” क्लायंटच्या शीटसोबत आलेल्या माहितीपत्रकात कर्जातल्या गुलामगिरीची व्याख्या होती. मला ती मावशींकडून कळली.

कन्सल्टंटला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, वेठबिगारीचा कायदा वीटभट्टीवाल्यांसाठी असतो, सिक्युरिटीला लागू नाही.” हे अगदी चूक आहे, आणि इतके लोक असं समजतात म्हणून मुद्दाम लिहिते. राज्यघटनेचं कलम २३ माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीची मजुरी यांना बंदी करतं, ते कुठल्याही धंद्यात. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरीच आहे. हातात काठी नसली तरी भुकेची सक्ती ही सक्तीच. आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बांधून ठेवणारं कर्ज सरळ रद्द होतं, ते फेडण्याची जबाबदारीच उरत नाही. ते तसलं कर्ज नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझंही कर्ज देणाऱ्यावर असतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदारांकडे करता येते, आणि जिल्ह्याला व उपविभागाला दक्षता समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. हे सगळं निवृत्त साहेबांनी मला त्यांच्या घरी बसवून, कायद्याची प्रत समोर ठेवून दाखवलं.

त्यांनीच पुढे विचारलं, “तुम्ही एजन्सीला एका माणसामागे किती देता?”

सतरा हजार. बारा तासांची ड्युटी, महिन्याचे सगळे दिवस, जीएसटी वेगळा. तीन कोटेशन्समधलं सगळ्यात कमी म्हणून हे घेतलं होतं.

त्यांनी कागद ओढला आणि मांडायला लागले. आकडे सोपे जावेत म्हणून किमान वेतन, म्हणजे मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून, १४,००० धरू. महाराष्ट्रात विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो, त्यामुळे खरा आकडा त्या त्या वेळी बघायचा. त्यावर पीएफचा मालकाचा वाटा प्रशासकीय खर्च आणि विमा धरून १३ टक्के, म्हणजे १,८२०. ईएसआय सव्वातीन टक्के, ४५५. बोनस किमान ८.३३ टक्के, १,१६६. भरपगारी रजांचे साधारण ७००. झाले १८,१४१. आता हा माणूस आठवड्याला एक सुटी घेणार, त्या दिवशी बदली माणूस, म्हणजे रिलिव्हर, लागणार, म्हणून यात एक षष्ठांश वाढवायचा: ३,०२३. झाले २१,१६४. एजन्सीचा गणवेश, देखरेख आणि नफा मिळून आठ टक्के धरले तर २२,८५७. एका पोस्टवर, म्हणजे पहाऱ्याच्या एका जागेवर, एक आठ तासांची पाळी कायद्याने चालवायला एवढे लागतात. दिवसाच्या तीन पाळ्यांना ६८,५७१. आणि आम्ही बारा-बारा तासांच्या दोन माणसांवर एक पोस्ट चालवत होतो, ३४,००० रुपयांत. निम्म्यात.

बारा तासांची ड्युटी स्वस्त पडते असं सगळे समजतात. दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दिवसाचे नऊ तास होते. वरचे तीन तास दुप्पट दराने म्हणजे सहा तासांचा पगार. तो दिला तर दोन माणसांना मिळून सव्वातीन दिवसांहून जास्त पगार द्यावा लागायचा, आणि आठ-आठ तासांच्या तीन माणसांना तीनच दिवसांचा. म्हणजे ओव्हरटाइम बुडवला तरच ती स्वस्त पडत होती. शिवाय तेव्हा तीन महिन्यांत १२५ तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम घेताच येत नव्हता, आणि रोजचे तीन तास धरले तर ही मर्यादा दुसऱ्या महिन्यातच ओलांडली जात होती.

या कागदानंतर माझा एजन्सीच्या मालकाकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. त्याने केलं ते वाईटच होतं, आणि आधार कार्ड किंवा एटीएम ठेवून घेण्याला कुठल्याही रेटचं कारण चालत नाही. पण मी त्याला बोलावून हिशोब समोर ठेवला तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या रेटमध्ये कायदा बसत नाही. मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी पंधरा हजारांत करेल.” हे खोटं नव्हतं. इतक्या कमी भावात माणूस टिकवायचा तर त्याला अडकवूनच ठेवावं लागतं, नाहीतर तो चार दिवसांत सोडून जातो. उचल, कार्ड आणि आधार हे त्या भावाचेच पुढचे भाग होते.

सरांचं पहिलं मत एजन्सी लगेच बदलावी असं होतं. मी विरोध केला. करार तोडला असता तर आम्ही स्वच्छ झालो असतो आणि ती चार मुलं त्याच उचलीसकट दुसऱ्या साइटवर गेली असती. तशी चुणूक आम्हाला मिळालीच. माझ्याशी बोलणाऱ्यांपैकी एकाला एका रात्रीत चाकणच्या एका गोदामावर हलवलं. त्याचा फोन लागेपर्यंत मला झोप नव्हती. माणसांना विश्वासात घेऊन बोलतं करायचं तर त्यानंतर त्यांचं रक्षण कसं करायचं हे आधी ठरवून ठेवायला हवं, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. त्या दिवशी एजन्सीला लेखी कळवलं की आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या गेटवरचा एकही माणूस हलणार नाही. तो मुलगा परत आला.

पैशाची सोय कशी केली तेही सांगते, कारण छोट्या कंपन्यांचं घोडं तिथेच अडतं. आमच्या दोन पोस्ट होत्या, पुढचं गेट आणि मागचं दार. चार माणसं, महिन्याला ६८,०००. मागच्या दाराला कार्डावर उघडणारं कुलूप आणि कॅमेरा बसवला आणि ती पोस्ट बंद केली. पुढच्या गेटला आठ तासांच्या तीन पाळ्या. त्याचा खर्च जवळपास तेवढाच. तीन गार्ड आणि त्यांच्या सुट्यांना चौथा रिलिव्हर, जो आठवड्याचे उरलेले तीन दिवस शेजारच्या इमारतीत जातो, म्हणून कुणाची नोकरीही गेली नाही. पूर्वी आम्ही दोन पोस्ट अर्ध्या किमतीत घेत होतो, आता एक पूर्ण किमतीत घेतो.

बदल्यात एजन्सीकडून काय घ्यायचं ते करारात लिहिलं. आधार आणि एटीएम कार्डं आमच्या रिसेप्शनवर प्रत्येकाच्या हातात दिली गेली, पिन त्याच वेळी बँकेच्या मशिनवर जाऊन बदलले. गणवेश, ट्रेनिंग आणि खोलीच्या डिपॉझिटची उचल रद्द. खरोखर हातात दिलेली रोख तेवढी बाकी, तीही बिनव्याजी, वहीत लिहून. पुढे नोकरी लावण्याचे पैसे कुणाकडूनही घ्यायचे नाहीत. सात तारखेच्या आत पगार, हिंदीतली पगाराची चिठ्ठी, आणि दर तिमाहीला मी मोबाइलवर त्यांच्यासोबत बसून पीएफचं पासबुक उघडणार. एजन्सीने पगार थकवला तर आम्ही थेट देऊन बिलातून कापणार. ज्याच्याकडे काम चालतं त्या मूळ मालकाने पगाराची जबाबदारी घ्यावी हे तत्त्व मोठ्या आस्थापनांसाठी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतंच, आम्ही ते आमच्या छोट्या कराराला लावून घेतलं. (हे सगळं २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू होण्याच्या आधीचं. यातले काही जुने कायदे आता त्या संहितांत सामावले आहेत.)

तक्रार करायची का, हा निर्णय मी त्या मुलांवर सोडला, त्यांचे हक्क काय आहेत ते नीट सांगून. आमच्या गेटवरच्यांना आधी कागद आणि मागचा पैसा हवा होता. मागच्या पीएफचा फरक एजन्सीने भरला, पगारातला काही भाग मिळाला, सगळा नाही. चाकणच्या गोदामावरच्या काही जणांनी मात्र निवृत्त साहेबांच्या मदतीने कामगार कार्यालयात अर्ज दिला आहे आणि तो चालू आहे. बहराइचचा मुलगा हातात आधार आल्यावर पहिल्या आठवड्यात गावी गेला आणि परत आला नाही. लग्न होऊन गेलं होतं. आता तो लखनौला काम करतो असं त्याच्या खोलीवरच्या मित्राने सांगितलं.

हाउसकीपिंगमध्ये कागद ठेवून घेणं नव्हतं, पण मावशींचा पगार कधी बाराला, कधी वीस तारखेला व्हायचा. कारण शोधलं तर ते आमच्याच अकाउंट्समध्ये सापडलं. कंत्राटदाराचं बिल आम्ही साठ दिवसांनी द्यायचो. तो स्वतः कर्ज काढून पगार करायचा, नाहीतर थांबवायचा, आणि तेवढ्या दिवसांसाठी मावशी वस्तीतल्या सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी पैसे घ्यायच्या. आता पगाराचा भाग असलेलं बिल तीन तारखेला निघतं. या एका बदलाला कंपनीला काही खर्च आला नाही. मेसमध्ये भांडी घासायला पंधरा वर्षांचा एक मुलगा होता, मालकाचा भाचा. १८ खालच्या माणसाला आमच्या कामावर ठेवू नका अशी अट घातली, आणि तो पुन्हा शाळेत जायला लागला की नाही ते मेसवाल्याकडून नव्हे, शाळेत जाऊन बघून आले. जातो आहे.

मग क्लायंटला उत्तर लिहिलं. ‘नाही’चे रकाने भरले नाहीत. काय सापडलं, काय केलं, काय राहिलं, हे साध्या इंग्रजीत चार पानं. सर थोडे घाबरले होते की काम जाईल. शेवटच्या पानावर मी त्यांच्या संमतीने हेही लिहिलं की तुम्ही आमचं बिल नव्वद दिवसांनी देता आणि दर वर्षी रेट कमी करायला सांगता, त्याचा भार शेवटी गेटवरच्या माणसावर जातो. काम गेलं नाही. त्यांच्या बाजूने एक बाई तासभर व्हिडिओ कॉलवर बोलल्या, ईसीआरचा रकाना समजून घेतला, आणि पुढच्या तिमाहीपासून बिलं पंचेचाळीस दिवसांत मिळू लागली. रेटबद्दल त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही, मी दर वर्षीच्या निवेदनात तो मुद्दा घालते.

निवेदनात आम्ही हेही लिहितो की लॅपटॉप कुठल्या कारखान्यात आणि कुणाच्या हातांनी बनतो तिथवर आम्ही पोचू शकत नाही. आणि आमच्या एजन्सीच्या इतर साइट्सवर आजही सतरा हजारांचाच रेट आहे.

त्यातली एक साइट आमच्याच इमारतीचं पार्किंग. ते सोसायटीकडे येतं, चौदा ऑफिसं मिळून खर्च देतात. गेल्या वर्षी मी हिशोबाचा कागद सर्वसाधारण सभेत मांडला तेव्हा मेंटेनन्स वाढेल म्हणून विषय पुढे ढकलला गेला. या वेळी सभेआधी एकेका ऑफिसात जाऊन बसते आहे. आतापर्यंत सहा जणांनी तीन पाळ्यांना होकार दिला आहे. ठरावाला आठ लागतात आणि सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे.